मानवणारे महाविद्यालय

बारावीचा निकाल लागला की वाशीमच्या बाजारपेठेत दोन-चार दिवस सोयाबीनच्या भावापेक्षा टक्क्यांची चर्चा अधिक रंगते. दुकानाच्या गादीवर टेकलेला प्रत्येक जण समोरच्याला एकच प्रश्न विचारतो, "मग, मुलाला कुठे टाकणार?" हे 'टाकणे' क्रियापद मोठे बोलके आहे. आपण बँकेत ठेव टाकतो, गोदामात माल टाकतो आणि तितक्याच सहजपणे मुलाला महाविद्यालयात टाकतो. ठेवीला कोणती बँक मानवेल, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलांच्या बाबतीत तो विचारावा लागतो, हे मला फार उशिरा कळले.

सात वर्षांपूर्वी बाजारातल्या या प्रश्नाला मी मोठ्या अभिमानाने उत्तर दिले होते. थोरल्याला एका मोठ्या शहरातील नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. हिशेबात तो लहानपणापासून चोख; गणितात गुणही चांगले. एवढ्यावरून तो अभियंता होणार, असे आम्ही घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकले. त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही आपणहून काही सांगितले नाही. महाविद्यालय आम्ही पहिल्यांदा पाहिले ते थेट प्रवेशाच्या दिवशी. भव्य प्रवेशद्वार, स्वच्छ आवार, भिंतीवर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे. एवढे पाहून मी निश्चिंत मनाने परतलो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत तो घरी आला. पाडवा झाला, भाऊबीज झाली, सुट्टी संपली, तरी त्याची बॅग भरली जाईना. चार विषय राहिले होते. एका रात्री तो आपल्या आईला म्हणाला, "वर्गात काय चालले आहे, ते मला पहिल्या महिन्यापासूनच कळत नव्हते. पण बाबा सगळ्या बाजारात सांगून बसले होते."

त्या महाविद्यालयाचा यात काही दोष नव्हता. त्याच वर्गातील कितीतरी मुले तिथे उत्तम शिकली. दोष निवडीचा होता आणि निवड माझी होती. दीड वर्षाचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च मी वहीत नावे लिहिला. परंतु त्या दीड वर्षात मुलाने स्वतःच्या बुद्धीविषयी जे मत करून घेतले, त्याची नोंद कोणत्या वहीत करावी, हे मला समजेना.

व्यापारी माणसाला अशी चूक अधिक बोचते. आडतीवर आलेला माल मी कधी पोत्यावरचा शिक्का पाहून घेतलेला नाही. पोत्यात सळई खुपसून दाणे काढतो, तळहातावर चोळतो, दाताखाली धरतो, ओलावा मोजतो. हमीभावाच्या खरेदीतसुद्धा सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. शंभर पोत्यांसाठी एवढी पारख करणारा मी, मुलासाठी मात्र शिक्का पाहून मोकळा झालो.

कोणाच्या अपेक्षेने चांगले?

मराठीत 'मानवणे' हा फार नेमका शब्द आहे. एखाद्या गावचे पाणी मानवते, एखादे औषध मानवत नाही. औषध वाईट असते म्हणून नव्हे. त्या प्रकृतीला ते सोसत नाही, एवढेच. महाविद्यालयाचेही तसेच आहे.

अनेकांताचा विचार आपण प्रवचनात ऐकतो. वस्तूला अनेक धर्म असतात आणि तिच्याविषयीचे कोणतेही विधान अमुक एका अपेक्षेनेच खरे असते, हे आपल्याला पाठ असते. तरीही 'अमुक महाविद्यालय चांगले' असे वाक्य आपण निःशंकपणे उच्चारतो. ते वाक्य अपुरे आहे. कोणासाठी चांगले, कोणत्या विषयासाठी, कोणत्या खर्चात, कोणत्या वयात, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

म्हणून यंदा धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही वहीच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखले आणि त्यांना आपल्या शास्त्रातलीच नावे दिली: द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव. प्रत्येक महाविद्यालयाचे नाव लिहायचे आणि चारही रकान्यांत प्रामाणिकपणे भरायचे, असा नियम केला. लेखणी मुलीच्या हातात दिली. समाजातील इतर कुटुंबांना उपयोग होईल, म्हणून ते पान येथे उलगडून ठेवतो.

द्रव्य: आत काय आहे?

व्यवहारात द्रव्य म्हणजे पैसा. शास्त्रात द्रव्य म्हणजे मूळ वस्तू. आधी मूळ वस्तू पाहावी. अभ्यासक्रमाच्या नावावर न जाता पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत कोणते विषय आहेत, प्रात्यक्षिके कोणती आहेत, याची यादी मिळवून विद्यार्थ्याने स्वतः वाचावी. विद्यापीठांचे अभ्यासक्रम सर्वांना पाहता येतात. आम्ही थोरल्याच्या वेळी ती यादी एकदाही उघडली नव्हती.

धाकटीला लहानपणापासून दुकानातल्या धान्याचे कुतूहल. एका गिरणीची तूरडाळ लवकर शिजते आणि दुसरीची शिजत नाही, याचे कारण ती चौथीपासून विचारत आली आहे. त्यामुळे तिने प्रथम कृषी पदवीचा विचार केला. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. सर्व काही सोयीचे वाटत होते. पण विषयांची यादी वाचताना कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकापाशी ती थांबली. पुढे एका कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या मैत्रिणीच्या बहिणीकडे तिने टाचणीने लावलेल्या कीटकांची पेटी पाहिली. हा संग्रह विद्यार्थ्यांनी स्वतः गोळा करायचा असतो. घरी येऊन ती जेवली नाही. रात्री म्हणाली, "पीक वाचवायला कीटक ओळखावे लागतात, हे मला पटते. पण माझ्या हाताने ते होणार नाही."

दुसऱ्या एखाद्या मुलीला ते जमेल आणि ती शेतकऱ्यांची मोठी सेवाही करील. हिला जमणार नव्हते, आणि हे प्रवेशानंतर नव्हे, आधी कळले. यादी वाचण्याचा लाभ तो हाच. त्याच यादीतून तिला अन्नतंत्रज्ञान हा वेगळा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सापडला. धान्य टिकते कसे, डाळीचे साल निघते कसे, तेल खवट का होते, हे तिचे जुनेच प्रश्न तिथे विषय म्हणून छापलेले होते.

आता व्यवहारातले द्रव्य. माहितीपुस्तिकेतील शिक्षण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. वसतिगृह, भोजन, परीक्षा शुल्क, प्रवास, पुस्तके, संगणक असे सर्व मिळून शेवटच्या वर्षापर्यंतचा आकडा काढावा. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर शुल्क किती आणि मागितले किती, हे पडताळून पाहण्यात संकोच वाटू देऊ नये. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नसावी, पण प्रवेशाच्या घाईत आपणच ते विसरतो.

दोन सवलती आपल्या समाजात पुष्कळांना ठाऊक नसतात. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. लहान दुकान चालवणारी आपली अनेक घरे यांपैकी एखाद्या वर्गात बसतात. मात्र प्रमाणपत्र निकालाच्या आधी काढून ठेवलेले हवे. दुसरे असे की, केंद्र सरकारने २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. जैन अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. त्या मिळतात म्हणून घ्याव्यात असे नाही. पण त्या आहेत, हे माहीत असावे.

क्षेत्र: कुठे?

अन्नतंत्रज्ञान म्हटल्यावर परभणीचे नाव पुढे आले. १९७२ साली स्थापन झालेल्या तिथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. "मुलगी हुशार आहे, पुण्याला पाठवायची सोडून परभणीला?" जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. परंतु अकोला-पूर्णा लोहमार्गावर वसलेल्या वाशीमकराला पूर्णामार्गे परभणी काही परकी नाही. आणि विषय हवा असेल तर गावाच्या नावाला किती महत्त्व द्यायचे, हाही विचार करावा.

लहान गावात मोठे ज्ञानकार्य होते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. आपल्या कारंज्याच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हीरालाल जैन यांनी त्या पोथ्या अभ्यासल्या आणि त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. १९३०च्या दशकात ते कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. पुढे षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या सोळा खंडांच्या संपादनाचे महत्कार्य त्यांनी हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच प्रकाशित झाला. हाच विद्वान एखाद्या महानगरातील अधिक नावाजलेल्या महाविद्यालयात गेला असता, तर कारंज्याच्या पोथ्या इतक्या जवळ त्याला लाभल्या नसत्या. त्यांचे काम आणि त्यांची जागा एकमेकांना मानवली. त्याच कारंज्यात १९१८ साली ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजे पुढील काळातील समंतभद्र महाराजांनी, महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल उभारले. गाव मोठे आहे का, असा विचार करून त्यांनी जागा निवडली नव्हती.

याचा अर्थ घराजवळचेच महाविद्यालय उत्तम, असाही नाही. थोरल्याने परतल्यावर वाशीममध्येच वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आणि घरच्या अन्नावर, आपल्या भाषेच्या माणसांत त्याचा आत्मविश्वास हळूहळू परत आला. त्याला त्या वेळी घर मानवले. उलट एखाद्या मुलाला घराची सावलीच वाढू देत नाही. दुकानात माणूस कमी पडला की त्याचा तास बुडतो. अशा मुलाने बाहेर पडावे. वैद्यकीय शिक्षणासाठी तर वाशीमच्या मुलांना आजवर जिल्हा सोडण्यावाचून पर्यायच नव्हता. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचा समावेश झाला आणि तो प्रश्नही आता नव्याने मांडावा लागेल.

क्षेत्राच्या रकान्यात वसतिगृह आणि भोजन आलेच. सूर्यास्तापूर्वी जेवणारे, कंदमुळे वर्ज्य करणारे मूल भोजनालयात एकटे पडते का, हे आधी विचारावे. ज्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके सायंकाळपर्यंत चालतात, तिथे चौविहार कसा पाळणार, हा प्रश्न लहान नाही. आपल्या पूर्वजांनी तो ओळखला होता. मुंबईत १९१५ साली सुरू झालेले श्री महावीर जैन विद्यालय काय किंवा राज्यातील अन्य जैन छात्रालये काय, महाविद्यालय कोणतेही असो, राहण्या-जेवण्याची सोय धर्माला धरून व्हावी, हाच त्यांच्यामागचा हेतू होता. अशा छात्रालयाचा अर्ज महाविद्यालयाच्या अर्जाइतकाच वेळेवर भरावा. मात्र केवळ भोजनासाठी चुकीचा विषय घेऊ नये. डबा शोधता येतो. विषय चार वर्षे सोबत राहतो.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या घरांत मुलासाठी पुणे जवळ असते आणि मुलीसाठी अकोलाही लांब असते. अंतर मोजण्याची फूटपट्टी दोघांसाठी एकच हवी. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. तिचे उत्तर वसतिगृह प्रत्यक्ष पाहून, अधीक्षिकांना भेटून, स्थानकापासूनचा रस्ता सायंकाळी स्वतः चालून शोधावे. न पाहता 'लांब आहे' म्हणणे, ही काळजी नव्हे.

काल: केव्हा आणि किती?

तिसरा रकाना वेळेचा. आपल्या समाजात वाणिज्य शाखा व सनदी लेखापालाची परीक्षा यांकडे मोठा ओढा आहे. १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचा अभ्यासक्रम फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल अशा तीन पायऱ्यांचा आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा कालावधी दोन वर्षांचा आहे. ज्याला हा मार्ग धरायचा आहे, त्याच्या दृष्टीने महाविद्यालयाची वेळ, परीक्षांचे वेळापत्रक आणि जवळपास चांगले लेखापाल कार्यालय आहे की नाही, या बाबी महाविद्यालयाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. थोरला आज अकोल्याला आर्टिकलशिपच्या अखेरच्या महिन्यांत आहे. गणितातले त्याचे गुण खोटे नव्हते. ते कोणत्या दिशेने बोट दाखवत होते, हे आम्ही चुकीचे वाचले.

परंतु 'हजेरी लागत नाही, नुसते नाव घाला' अशा महाविद्यालयांपासून सावध राहावे. शिकवणीवर्गाशी संधान बांधून वर्ग ओस ठेवणाऱ्या ठिकाणी मुलाला प्रवेशपरीक्षेचे गुण कदाचित मिळतील. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वादविवाद आणि समवयस्कांचा सहवास मिळणार नाही. सतरा-अठराव्या वर्षी हुकलेल्या या गोष्टी पुढे विकत घेता येत नाहीत.

चूक झालीच, तर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. ठरावीक श्रेयांक व अटी पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळू शकते. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात. थोरल्याच्या वेळी अशी सोय नव्हती. त्याला पहिल्यापासून आरंभ करावा लागला. आता वाट बदलणाऱ्याची पुंजी सगळीच बुडत नाही. तथापि कागदोपत्री सोय असून भागत नाही. घरानेही परतीची वाट मोकळी ठेवावी लागते. 'मला हे मानवत नाही' असे मूल दुसऱ्या महिन्यात म्हणू शकेल, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत थांबणार नाही, असे घराचे वातावरण हवे.

भाव: मनात काय आहे?

चौथा रकाना आम्ही मोठ्यांनी भरायचा नाही, असे ठरले होते. तो मुलीने एकटीने भरायचा.

ती परभणीला जाऊन आली. सोबत तिची आई होती. मी मुद्दाम गेलो नाही. वर्ग चालू असताना, कामकाजाच्या साध्या दिवशी त्या गेल्या, हे महत्त्वाचे. स्वागत समारंभाच्या दिवशी सर्वच महाविद्यालये सुंदर दिसतात. तिने शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोलणे केले, कारण पहिल्या वर्षाची मुले नवलाईत असतात. किती प्राध्यापक पूर्णवेळ आहेत आणि किती तासिका तत्त्वावर, प्रयोगशाळेतील यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती दिली जातात की काचेतून दाखवली जातात, ग्रंथालयात दुपारी किती जण बसलेले असतात, न कळलेला भाग विचारायला शिक्षकांकडे जाता येते का, हे प्रश्न तिने आधीच लिहून नेले होते. मूल्यांकनही पाहावे; १९९४ साली स्थापन झालेली बंगळुरू येथील 'नॅक' ही संस्था उच्च शिक्षणसंस्थांची पाहणी करून मूल्यांकन करते. परंतु ते मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते. आपल्याला हव्या असलेल्या विभागाची पारख आपणच करावी लागते.

परत आली ती एक अडचण घेऊनच. अन्नतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मांस व मासे यांच्या प्रक्रियेचाही विषय असतो. हे ऐकून मी म्हणालो, "मग हेही नको." माझी आई जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाली, "तिला विचार. चौथा रकाना तिचा आहे ना?"

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, कीटक मला माझ्या हाताने मारायचे होते. हा विषय मला वाचावा लागेल, परीक्षाही द्यावी लागेल. मला ते आवडणार नाही. पण बाकी सगळे विषय माझे आहेत. डोळे उघडे ठेवून जाईन. जे करणे मला शक्य नाही, ते पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगेन." तिचे म्हणणे प्रत्येक घराला पटेल असे नाही; माझेही मन अजून पूर्णपणे स्थिर झालेले नाही. पण तिने पाहिले, विचारले, त्रासली आणि ठरवले. थोरल्याच्या वेळी यांतले काहीच झाले नव्हते. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माळ पुन्हा हाती घेतली.

चारही रकाने अनुकूल भरलेले एकही महाविद्यालय आमच्या पानावर नव्हते. ते कोणाच्याच पानावर नसते. कोणती उणीव आपल्याला सोसेल आणि कोणती सोसणार नाही, हे ओळखणे म्हणजेच निवड. ते ज्याला सोसायचे आहे, त्यानेच ओळखायला हवे. आपण पालकांनी वजन-माप पुरवावे, तराजू हातात घेऊ नये.

अर्ज भरताना

शेवटी थोडे व्यवहाराचे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना खरी पसंती पहिली लिहावी. अभियांत्रिकीसारख्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ती जागा निश्चित धरली जाते. 'बघू, मिळते का' म्हणून वर लिहिलेले नाव गळ्यात पडू शकते. सेतू केंद्रावर किंवा ओळखीच्या दुकानात दुसऱ्याकडून अर्ज भरून घेण्यापेक्षा विद्यार्थ्याने तो स्वतः भरावा, पालकांनी शेजारी बसावे. अधिवास, उत्पन्न, जात किंवा अल्पसंख्याक यांसंबंधीची कागदपत्रे मे महिन्याआधी तयार ठेवावीत. संस्था व अभ्यासक्रम यांना मान्यता आहे का, हे संबंधित विद्यापीठाच्या आणि नियामक मंडळाच्या यादीत पाहावे. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. आणि किमान एकदा, कामकाजाच्या दिवशी, महाविद्यालय पाहून यावे. आपण पन्नास पोती पाहायला रिसोड-मालेगाव गाठतो. चार वर्षांसाठी एक दिवस काढता येतो.

परवा दुकानात एका जुन्या स्नेह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मग, मुलीला कुठे टाकणार?" मी उत्तर देण्याआधीच वहीवरून मान वर करून मुलगी म्हणाली, "काका, मी परभणीच्या महाविद्यालयाचा अर्ज भरला आहे. पहिली पसंती तीच आहे." काकांनी माझ्याकडे पाहिले. मी सोयाबीनचा भाव विचारला.

प्रवेशाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजातील सर्व मुला-मुलींना त्यांचे मानवणारे महाविद्यालय लाभो, ही मंगल भावना. जय जिनेंद्र.